सासऱ्यांच्या अडीचशे सीडी आणि सॉफ्टवेअरची निवड

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात:

नागपूरच्या एका ताईंचं पत्र आहे. त्या बँकेत नोकरी करतात. घरात सासरे आहेत, वय ७९, गाण्याचे दर्दी. ताई त्यांना बाबाच म्हणतात. नव्वदच्या दशकापासून जमवलेल्या जवळपास अडीचशे सीडी बाबांच्या कपाटात आहेत. त्यात शास्त्रीय गायन आहे, नाट्यपदं, भावगीतं, जुनी हिंदी गाणी आहेत. धरमपेठेतल्या एका स्नेह्यांकडे झालेल्या कोजागिरीच्या बैठकीच्या, घरीच राईट केलेल्या तीन सीडीही आहेत. सहा महिन्यांपूर्वी सीडी प्लेअर बंद पडला आणि दुरुस्तीवाल्याने पार्ट मिळत नाही म्हणून परत पाठवला. ताईंनी लॅपटॉपला लावायचा सीडी ड्राईव्ह आणला आणि एका सीडीतले सगळे ट्रॅक पेनड्राईव्हवर कॉपी केले. प्रत्येक फाईल जेमतेम एक केबीची निघाली आणि कुठेच वाजली नाही. मग त्यांनी इंटरनेटवर सॉफ्टवेअर शोधलं, तर दहा ठिकाणी दहा नावं. भाचा म्हणतो, "मामी, सगळं फोनवर भेटते ना, कशाला एवढी झंझट?" ताईंचे प्रश्न असे: मोफत सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यात चांगलं कोणतं? मोफत घेतलं तर आवाजाचा दर्जा कमी होतो का? एमपीथ्री ३२० मध्ये, म्हणजे एमपीथ्रीच्या सगळ्यात वरच्या दर्जात, केलं की पुरे ना? हे कायद्यात बसतं का? दिवाळीच्या सुटीत काम उरकून सीडी भंगारात द्यायचा त्यांचा विचार आहे.

ताई, नमस्कार.

थेट उत्तर आधी देते, म्हणजे बाकीचं निवांत वाचता येईल. तुमचा लॅपटॉप विंडोजचा आहे, तेव्हा ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, फाईली ‘फ्लॅक’ प्रकारात (यात आवाजातलं काहीच वगळलं जात नाही) ठेवा आणि सीडी भंगारात देऊ नका. कारणं पुढे सांगते. पण त्याआधी एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही.

बाबांचं गाणं सहा महिन्यांपासून बंद आहे, आणि ते पुन्हा सुरू व्हायला अडीचशे सीडी कॉम्प्युटरवर उतरवून होण्याची वाट बघणं चाललं आहे. ही दोन कामं वेगळी करा. बाबांनी ऐकायचं हे एक काम, संग्रह जपायचा हे दुसरं. पहिल्या कामाला सॉफ्टवेअर लागतच नाही. टीव्हीखाली जुना डीव्हीडी प्लेअर पडून असेल तर तो ऑडिओ सीडीही वाजवतो. त्याची लाल-पांढरी वायर बाबांच्या ॲम्प्लिफायरला जोडली की बैठक सुरू. घरी नसेल तर नातेवाइकांत विचारा, कुणाच्या तरी माळ्यावर निघेल. ज्यांना कव्हर उघडून, आतला कागद वाचून, तबकडी हाताने ठेवून गाणं ऐकायची सवय आहे, त्यांना फोनच्या पडद्यावर यादी सरकवत बसायला आवडेल का, हे त्यांनाच विचारा. पत्रात भाच्याचं मत आहे, इंटरनेटचं आहे, तुमचं आहे. बाबांना काय हवंय ते मात्र मला कुठे सापडलं नाही.

त्यांचं ऐकणं मार्गी लागलं की दुसऱ्या कामाची घाई उरत नाही. आणि ते काम घाईत करण्यासारखं नाहीच.

आता त्या एक केबीच्या फाईली. ऑडिओ सीडीवर आपण ज्याला फाईल म्हणतो तसं काही नसतं. फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी मिळून सीडीची घडण ठरवली, १९८२ मध्ये ती बाजारात आली, आणि तेव्हापासून ती तशीच आहे: तबकडीवर आवाजाचे आकडे सलग लिहिलेले, सेकंदाला ४४,१०० मोजमापं, डाव्या बाजूची वेगळी आणि उजव्या बाजूची वेगळी. कोणता ट्रॅक कुठे सुरू होतो याची यादी सुरुवातीला असते. विंडोज त्या यादीवरून आपल्याला सीडीए नावाच्या छोट्या फाईली दाखवतं. प्रत्येक फाईल फक्त ४४ बाइटची, यादीत तीच एक केबीची दिसते. तिच्यात गाणं नसतं, गाणं तबकडीवर कुठे आहे एवढी नोंद असते. तुम्ही नोंदी पेनड्राईव्हवर आणल्या आणि गाणी सीडीवरच राहिली. यात तुमचं काही चुकलं असं मला वाटत नाही, कारण समोर जे दिसतं तेच माणूस उचलतो. गाणं हवं असेल तर ते आकडे वाचून उतरवून घ्यावे लागतात. सीडी रिप करणं म्हणतात ते हेच.

सगळी मेख या वाचण्यात आहे. कॉम्प्युटरच्या डेटा सीडीवर २३५२ बाइटच्या प्रत्येक तुकड्यात २०४८ बाइट डेटाचे असतात आणि उरलेली बरीचशी जागा चूक पकडून दुरुस्त करण्यासाठी राखलेली असते. ऑडिओ सीडीत तो सगळा तुकडा गाण्यालाच दिलेला आहे. चुका सुधारायची एक पातळी ऑडिओ सीडीलाही असते आणि किरकोळ चऱ्यांना ती पुरते. चरा मोठा असला की प्लेअर आजूबाजूच्या आवाजावरून अंदाज बांधतो आणि रिकामी जागा भरून काढतो. ऐकणाऱ्याला बहुतेक वेळा ते कळत नाही. प्लेअरने असंच वागायला हवं, कारण गाणं थांबू न देणं हे त्याचं काम. पण तुम्ही जपून ठेवण्यासाठी प्रत काढताय. अंदाजाने भरलेली जागा एकदा प्रतीत गेली की ती कायमची, आणि तबकडी भंगारात गेलेली असेल तर पुन्हा तपासायलाही काही उरत नाही.

म्हणून सॉफ्टवेअर निवडताना माझी कसोटी एकच आहे. वाचता आलं नाही, तर ते तसं सांगतं का? देखणेपणा, वेग, वीस प्रकारच्या फाईली बनवण्याची सोय, हे सगळं त्याच्यानंतर.

एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या कसोटीला उतरतं. जर्मनीच्या आंद्रे वीटहॉफ यांनी लिहिलेलं हे सॉफ्टवेअर गेली पंचवीसेक वर्षं वापरात आहे आणि घरगुती वापराला मोफत आहे. दिसायला जुनाट आहे आणि पहिल्यांदा उघडलं की बिचकायला होतं, हे मान्य. पहिल्या वेळी ते काही प्रश्न विचारतं. त्यात वेग हवा की अचूकपणा, असा एक असतो. तिथे अचूकपणा निवडा. मग ते ‘सिक्युअर’ पद्धतीने वाचतं, म्हणजे प्रत्येक भाग एकाहून अधिक वेळा वाचून ताडून पाहतं, जुळलं नाही तर पुन्हा पुन्हा वाचतं, आणि तरीही जमलं नाही तर कोणत्या मिनिट-सेकंदाला अडलं ते लिहून ठेवतं. फाईल फ्लॅकमध्ये हवी हेही याच वेळी सांगता येतं. बाकी शेकडो सेटिंगांना पहिल्या महिन्यात हात लावू नका.

रोजच्या कामासाठी त्यातलं एकच बटण लक्षात ठेवा: ॲक्शन मेनूमधलं ‘टेस्ट अँड कॉपी’. याने सगळी सीडी दोनदा वाचली जाते, एकदा नुसती तपासायला आणि एकदा उतरवून घ्यायला. शेवटी एक अहवाल येतो, तो प्रत्येक वेळी वाचायची सवय लावा. प्रत्येक ट्रॅकखाली ‘टेस्ट सीआरसी’ आणि ‘कॉपी सीआरसी’ अशा दोन ओळी असतात आणि त्यांच्यापुढे आकडे-अक्षरं मिळून आठ खुणांचा एकेक संकेतांक. दोन्ही संकेतांक तंतोतंत सारखे आणि खाली ‘कॉपी ओके’ असेल, तर दोन वेगळ्या वाचनांत आकडान्‌आकडा सारखा आला असं समजायचं. संकेतांक वेगळे आले, किंवा ‘सस्पिशस पोझिशन’ असं लिहून पुढे वेळ दिली असेल, तर हेडफोन लावून नेमकी तेवढीच जागा ऐका. तिथे खट्ट असा आवाज येतो का, सूर मध्येच कापल्यासारखा वाटतो का, ते बघा. हा अहवाल त्या सीडीच्याच फोल्डरमध्ये जपून ठेवा. पाच वर्षांनी कुणी विचारलं की ही प्रत किती भरवशाची, तर उत्तर त्यात असेल.

मी इतरांना सोडून याच सॉफ्टवेअरवर का अडून बसले आहे, त्याचं कारण आपल्या मराठी संग्रहांशी जोडलेलं आहे. परदेशातल्या जाणकारांच्या शिफारशींत ‘ॲक्युरेटरिप’ नावाच्या सेवेचा उल्लेख हमखास येतो. जगभरातल्या लोकांनी तीच सीडी रिप केल्यावर मिळालेले संकेतांक तिथे जमा असतात, आणि तुमचा संकेतांक त्यांच्याशी जुळला की प्रत बिनचूक. सोय उत्तमच आहे, आणि एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीतही ती आहे. पण ती चालते ती जगभर खपलेल्या तबकड्यांसाठी. नाट्यपदांची एखादी सीडी, पुण्या-मुंबईच्या छोट्या कंपनीने काढलेलं ख्यालगायन, हे तिथे कुणी नोंदवलेलंच नसतं. अशा वेळी ‘डेटाबेसमध्ये सापडलं नाही’ असा शेरा येतो आणि लोकांना वाटतं आपली प्रत बिघडली. बिघडलेली नसते. ताडायला दुसरं कुणी नाही, एवढाच त्याचा अर्थ. मग आपलंच पहिलं वाचन आपल्या दुसऱ्या वाचनाशी ताडायचं, हा एकच पुरावा हाती राहतो. कोजागिरीच्या बैठकीच्या सीडी तर जगात कुणाच्याच यादीत असणार नाहीत. म्हणून आपल्याकडच्या संग्रहांना ‘टेस्ट अँड कॉपी’ची सोय ज्यात आहे तेच सॉफ्टवेअर घ्यावं, असं माझं ठाम मत आहे.

ज्या वाचकांकडे मॅक आहे त्यांच्यासाठी ‘एक्सएलडी’ आहे. तेही मोफत आहे, आणि कॉपीआधी चाचणी करण्याची सोय त्यात सेटिंगमधून चालू करता येते. लिनक्सवर ‘व्हिपर’ आहे, ते तर मुळातच दोनदा वाचतं, मात्र ते टर्मिनलमध्ये हुकूम टाइप करून चालवावं लागतं. विंडोजवरच ‘क्यूरिपर’ नावाचं आणखी एक चांगलं साधन आहे, एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीपेक्षा पुष्कळ सुटसुटीत. त्याच्या मागे असा एक डेटाबेस आहे की सीडी त्यात नोंदलेली असेल तर थोड्याफार चुका दुरुस्तही करता येतात. हिंदी चित्रपटगीतांच्या लोकप्रिय सीडींना ते वापरून बघायला हरकत नाही. ‘फ्रेॲक’ (मूळ नावात मधोमध दोन टिंबं दिसतील) तिन्ही प्रकारच्या कॉम्प्युटरवर चालतं आणि नवख्याला सगळ्यात लवकर जमतं. विंडोज मीडिया प्लेअर बहुतेकांकडे आधीच असतो आणि तोही सीडी रिप करतो, अगदी फ्लॅकमध्येसुद्धा. पण कुठे अडलं, काय जुळलं नाही याचा अहवाल तो देत नाही. गाडीत ऐकायला चार गाणी हवीत एवढंच काम असेल तर तो पुरे. जपायच्या प्रतीसाठी मी तो वापरणार नाही.

मोफत म्हणजे दर्जा कमी, ही शंका पत्रात दोन ठिकाणी डोकावते. आपल्याकडे स्वस्त वस्तू बघून आधी उलटून-पालटून बघायची सवय आहे आणि ती चांगलीच आहे. पण इथे आवाज सॉफ्टवेअर बनवत नाही, तो तबकडीवर आधीच लिहिलेला आहे. दोन सॉफ्टवेअरनी तेच आकडे बरोबर वाचले तर दोन्ही प्रती अक्षरशः एकच असतात, मग एकाला पैसे मोजलेले असोत की नसोत. विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये पैसे जातात ते सोयीसाठी. धोका दुसरीकडे आहे. सर्च केल्यावर सगळ्यात वर येतात त्या पुष्कळदा जाहिराती असतात. त्यातली बरीच सॉफ्टवेअर ‘फ्री’ म्हणवतात आणि काही ट्रॅक झाले की पैसे मागतात. काही त्रयस्थ साइटवर एकाच पानावर तीन-चार डाउनलोडची बटणं असतात, आणि चुकीचं दाबलं की नको ती सॉफ्टवेअरं लॅपटॉपमध्ये शिरतात. बँकेचं काम ज्या लॅपटॉपवर करता त्यावर हे होऊ देऊ नका. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याच्या स्वतःच्या साइटवरूनच उतरवा, आणि इन्स्टॉल होताना प्रत्येक पायरीवरची खूण वाचून मगच पुढे जा.

आता एमपीथ्री ३२०. ऐकायला ते छान असतं, मी स्वतः रोज ऐकते. पण एमपीथ्री करताना कानाला कमी जाणवणारा आवाज वगळला जातो आणि तो परत आणता येत नाही. फ्लॅकमध्ये काहीच वगळलं जात नाही. झिप फाईलसारखं ते फक्त दाबून लहान केलेलं असतं. फ्लॅकवरून एमपीथ्री केव्हाही करता येईल, उलट दिशेने जाता येणार नाही. फ्लॅक करताना शून्य ते आठ अशी एक पातळी विचारतात. तिचा दर्जाशी काही संबंध नाही, फक्त फाईल थोडी लहान-मोठी होते, तेव्हा आहे ती राहू द्या. मात्र ‘नॉर्मलाइज’ असा पर्याय कुठे दिसला तर तो बंद ठेवा, कारण त्याने आवाजाचे मूळ आकडे बदलतात.

शास्त्रीय संगीताला एमपीथ्रीची अजून एक अडचण आहे, आणि बाबांच्या कानाला ती पहिल्या दिवशी खटकेल. विलंबित ख्याल संपून द्रुत सुरू होते तिथे कंपनीने बहुधा ट्रॅक बदललेला असतो. मैफलीत मात्र तिथे खंड नसतो, तानपुरे चालू असतात, तबलजी लय उचलत असतो. एमपीथ्रीच्या घडणीतच फाईलच्या सुरुवातीला आणि शेवटी किंचित शांतता भरली जाते. काही प्लेअर ती काढून टाकतात, गाड्यांमधले आणि टीव्हीतले पुष्कळ काढत नाहीत. मग नेमका समेच्या तोंडावर आवाज क्षणभर तुटतो. फ्लॅकमध्ये ही भरती नसते, त्यामुळे साधारण बरा प्लेअर दोन ट्रॅक सलग वाजवतो.

जागेची काळजी नको. एका तासाच्या सीडीची फ्लॅक प्रत साधारण ३०० ते ३५० एमबीची होते, म्हणजे अडीचशे सीडी ८०-९० जीबीत बसतात. आज घरोघरी असते ती एक टीबीची हार्डडिस्क यांनी दहावा हिस्साही भरणार नाही. गाडीसाठी त्यातूनच निवडक एमपीथ्री काढून पेनड्राईव्हवर घ्या.

संग्रहात ‘१०० सदाबहार गीते’ अशा धर्तीच्या सीडी असतील तर त्या आधी बाजूला काढा. दोन हजारच्या दशकात आपल्याकडे एमपीथ्री सीडी भरपूर विकल्या गेल्या. दिसायला त्या अगदी ऑडिओ सीडीसारख्याच, पण लॅपटॉपमध्ये घातल्यावर त्यात खऱ्याखुऱ्या फाईली दिसतात, प्रत्येकी काही एमबीच्या. त्या सरळ कॉपी करायच्या, रिप करायची गरजच नाही. त्यांचं फ्लॅक करण्यातही अर्थ नाही, गेलेला आवाज त्याने परत येत नाही.

भाच्याच्या बोलण्यात तथ्य आहे. हिंदी गाणी आणि मोठ्या कंपन्यांची भावगीतं फोनवर मिळतात, आणि तशा सीडींना तुम्ही अगदी शेवटी हात लावला तरी चालेल. पण तिथली गाणी भाड्याची आहेत. कंपन्यांचे करार संपले की संग्रह गायब होतात आणि आपल्याला कुणी विचारत नाही. शिवाय तोच गायक, तोच राग असला तरी बाबांकडची मैफल आणि फोनवरची मैफल एकच असेल असं नाही. भाच्याला एक काम द्या: प्रत्येक शास्त्रीय सीडी फोनवर शोधायची, आणि कव्हरवरचे कलाकार, राग आणि ट्रॅकची लांबी तिन्ही जुळली तरच ‘मिळते’ म्हणायचं. जे मिळणार नाही ते आधी रिप करायचं. कोणती सीडी आधी घ्यायची हे या एका कामातून आपोआप ठरेल, आणि ‘मामी, झंझट’ म्हणणारा मुलगा कामात सामील होईल.

कायद्याबद्दल. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम ५२ मध्ये खाजगी किंवा वैयक्तिक वापरासाठीच्या उचित वापराला मोकळीक आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर त्या कारणासाठी इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवण करणंही त्यात स्पष्टपणे आलं. स्वतः विकत घेतलेल्या सीडीची घरात ऐकण्यासाठी प्रत काढणं त्यात बसतं असंच मी समजते. त्याच फाईली सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं, पेनड्राईव्ह भरून वाटणं त्यात बसत नाही. आणि प्रत स्वतःकडे ठेवून मूळ सीडी विकून टाकली, तर ‘माझ्या सीडीची माझी प्रत’ म्हणायला आधार राहत नाही. सीडी ठेवा असं मी म्हणते त्याला हेही एक कारण आहे.

नावांचं काम लोक सगळ्यात हलकं धरतात, आणि अडीचशे सीडींत जीव जातो तो तिथेच. सीडीवर गाण्यांची नावं सहसा नसतात. सॉफ्टवेअर ती इंटरनेटवरच्या डेटाबेसमधून आणतं. जुन्या मार्गदर्शक लेखांत ‘फ्रीडीबी’ सांगितलेलं दिसेल, ती सेवा २०२० मध्ये बंद झाली. आता ‘म्युझिकब्रेन्झ’ हा सगळ्यात नीट राखलेला डेटाबेस आहे. तरी मराठी सीडींना पुष्कळदा ‘ट्रॅक ०१, ट्रॅक ०२’ एवढंच हाती लागतं, किंवा एकाच गायकाचं नाव चार रोमन स्पेलिंगांत येतं आणि प्लेअरमध्ये एका माणसाचे चार गायक होतात. पहिली सीडी घालायच्या आधी एका कागदावर नियम लिहून ठेवा: गायकाचं नाव कसं लिहायचं, राग कुठल्या रकान्यात, ताल आणि साथीदार कुठे. माझा सल्ला असा की फाईलचं नाव रोमनमध्ये आणि पुढे दोन आकडी क्रमांक, कारण गाड्यांमधले बरेच स्टिरिओ देवनागरी नावांच्या जागी नुसते चौकोन दाखवतात. फाईलच्या आतली माहिती, म्हणजे टॅग, मात्र खुशाल देवनागरीत भरा. फ्लॅकला देवनागरीची काही अडचण नाही. एकगठ्ठा टॅग भरायला ‘एमपीथ्रीटॅग’ हे विंडोजवरचं मोफत साधन सोयीचं आहे, नावात एमपीथ्री असलं तरी ते फ्लॅकवरही चालतं.

या कामात बाबांना सोबत घ्या. तबल्याला कोण होतं, हार्मोनियमवर कोण, ही माहिती कव्हरच्या आतल्या कागदावर बारीक अक्षरांत असते, आणि घरच्या सीडींच्या बाबतीत ती फक्त त्यांच्या आठवणीत असते. कव्हरचे सगळे कागद मोबाईलने उजेडात सरळ धरून टिपा आणि त्याच फोल्डरमध्ये टाका. बाबांनी कव्हरवर पेनने तारीख, दुकान, काही शेरा लिहिला असेल तर त्याचाही फोटो घ्या. बैठकीच्या तीन सीडी वाजवताना त्यांना बोलतं करा आणि फोनवर रेकॉर्ड करून घ्या: ही चीज कोणती, मागे दाद देणारा आवाज कुणाचा. मला विचाराल तर सगळ्या संग्रहात ही एकच माहिती अशी आहे की जी नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने मिळवता येणार नाही.

यंत्राबद्दल थोडंसंच. यूएसबीवर चालणारा ड्राईव्ह थेट लॅपटॉपच्या सॉकेटमध्ये लावा, हबमधून नको, वीज कमी पडली की तो अडखळतो. एखादी सीडी अडली तर ती आधी पुसा: मऊ सुती कापड, गरज पडली तर साध्या पाण्याने किंचित ओलं, आणि मधल्या भोकाकडून बाहेरच्या कडेकडे सरळ रेषेत. गोल गोल पुसलं की चरा वाचनाच्या दिशेने पडतो आणि तो जास्त नडतो. चकचकीत बाजूपेक्षा छापील बाजू नाजूक असते, हे फार लोकांना माहीत नसतं. आवाजाचा थर छपाईच्या लगेच खाली असतो, तिथे खोल ओरखडा गेला की तो भाग गेलाच. पुसूनही अडत असेल तर तासन्‌तास ड्राईव्ह घुरघुरत ठेवू नका, दुसऱ्या ड्राईव्हवर लावून बघा. एकाला न वाचता आलेली सीडी दुसऱ्याला वाचता येते, हे वारंवार दिसतं. कुणाकडे जुना डेस्कटॉप असेल तर त्यातला मोठा ड्राईव्ह बघा, नाहीतर सीताबर्डीत ‘मोदी नंबर’ म्हणतात त्या गल्ल्यांमधल्या कॉम्प्युटरच्या दुकानांत वेगळ्या कंपनीचा एखादा विचारा.

वेळ म्हणाल तर दोनदा वाचन, अहवाल, नावं आणि फोटो मिळून एका सीडीला अर्धा-पाऊण तास सहज जातो. दिवाळीच्या सुटीत अडीचशे होणार नाहीत, आणि करायला गेलात तर नावं चुकतील, अहवाल वाचले जाणार नाहीत. रोज रात्री जेवणानंतर एक-दोन, एवढाच रतीब ठेवा.

फक्त तीन सीडींना थांबवू नका. घरी राईट केलेली सीडी आणि कंपनीची छापील सीडी यांत मोठा फरक आहे. छापील सीडीवर खड्डे दाबून उठवलेले असतात. घरी राईट केलेल्या सीडीत रंगद्रव्याचा एक थर असतो, आणि तो ऊन, उष्णता, दमट हवा यांनी हळूहळू उडतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, कपाट पश्चिमेच्या भिंतीला असेल तर आत काय होत असेल याचा विचार करा. वर कूलरची ओल, मग पावसाळा. अशा सीडी बाहेरून धडधाकट दिसतात आणि एके दिवशी वाचल्याच जात नाहीत. म्हणून कोजागिरीच्या तिन्ही सीडी या आठवड्यातच करा, अगदी नावं न भरता, जमेल तशा. ड्राईव्हचा वेग कमी करून बघा, त्याने कधी कधी वाचन सुधारतं. काही भाग नाहीच आला तर आलेला ठेवा आणि कुठे काय राहिलं ते अहवालासकट जपा.

सगळं झालं की दोन प्रती करा, दोन वेगळ्या हार्डडिस्कवर, आणि त्यातली एक दुसऱ्या घरी ठेवा. नणंद, भाऊ, कुणीही चालेल, गाव वेगळं असेल तर उत्तम. वर्षातून एकदा दोन्ही लावून चार-दोन फाईली वाजवून बघा.

आणि बैठकीच्या सीडींपैकी एखादी खरोखरच वाचली गेली नाही, तर धरमपेठेतल्या त्या स्नेह्यांच्या घरी फोन करा. अशा बैठकीची सीडी राईट करणारा एकच प्रत क्वचित काढतो, आलेल्या चार-सहा घरांत ती वाटली जाते. कोण कोण आलं होतं हे बाबांना आठवत असेल. प्रत्येक घरची प्रत मागून आणा आणि ‘टेस्ट अँड कॉपी’ लावा. एका तबकडीवर अडलेला ट्रॅक दुसरीवर निर्मळ निघण्याची चांगली शक्यता आहे, आणि ज्यांच्याकडून सीडी आणाल त्यांनाही त्यांच्याच सीडीची एक चांगली प्रत परत देता येईल.

तुमची,
सदरलेखिका